आयुषला पाठवलेला सन्नाटा

गल्लीत दुकानं एकतीस. रविवारच्या दुपारी त्यांतली तीस बंद. वायरींवर पारवे नऊ, ओट्यांखाली कुत्री तीन, तिन्ही झोपलेली. आकांक्षानं दोनदा मोजलं आणि मगच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

धाकटा भाऊ आयुष पुण्यात हमरस्त्यालगतच्या खोलीत राहत होता. आठवडाभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि मंगळवारी नोकरीची मुलाखत होती. "ताई, लहानपणी रविवारी आपण चाचांच्या ओट्यावर झोपायचो ना, तिथला सन्नाटा पाठव," असं तो सकाळी फोनवर म्हणाला होता. एम.एस्सी. झालेल्या आकांक्षाला ही मागणी अगदी रास्त वाटली. सलग वीस मिनिटं, भेसळ नको.

एकतिसावं दुकान नासेरचाचांचं, गाद्या भरायचं. "काहून उभी राहिली पोरी? थांब, खुर्ची देतो," म्हणत त्यांनी अर्धं शटर वर लोटलं. ते असं किंचाळलं की नऊच्या नऊ पारवे उडाले.

"चाचा, शांतता रेकॉर्ड करून राहिले. आयुषला झोप येत न्हाई."

"आधी सांगायचं ना." चाचांना फार वाईट वाटलं. त्यांनी शटर परत खाली ओढलं, अगदी सावकाश. त्यामुळे ते जास्त वेळ किंचाळलं.

कुत्री उठून भुंकायला लागली. समोरच्या माडीवरून सोजराबाई ओरडल्या, "हाड, हाड. पोरगी शांतता भरून राहिली, दिसत न्हाई का?"

"मावशी, तुमी बी..."

"मी कुठं बोलून राहिले? मी कुत्र्याला सांगून राहिले."

तेवढ्यात भंगारवाल्याची रिक्षा भोंगा लावून गल्लीत शिरली. सोजराबाई जिना उतरून तिला आडव्या आल्या. "बंद कर ते. लेकराला झोप न्हाई."

"कुठाय लेकरू?"

"पुण्यात."

भंगारवाला हुज्जत घालू लागला. वादावादी ऐकून मागच्या आळीतली माणसं जमली आणि जो तो दुसऱ्याला गप्प करू लागला. कुणीच ऐकेना, तेव्हा चाचांनी रिक्षातला माईक हातात घेतला.

"सर्वांना विनंती आहे, कुणी आवाज करू नका. आपल्या आयुषला झोप येऊन नाही राहिली. परवा मुलाखत हाय त्याची."

"कोणता आयुष?" गर्दीतून विचारणा झाली.

"अरे, आपल्या रत्नपालगुरुजींचा. माझ्या नव्या गादीत शिरून झोपायचा, तो."

"त्याला म्हणा, तळपायाला तेल चोळ."

चाचांनी तेही माईकवरून सांगितलं.

सोमवारी बाजार उघडणार, म्हणजे दुसरी संधी नाही. आकांक्षानं आहे तेच पाठवून दिलं आणि खाली लिहिलं, 'प्रयोग फसला. माफ कर.'

सोमवारी दुपारी आयुषचा निरोप आला. 'रात्री एकला लावलं, ताई. चाचा माईकवर आले तिथपर्यंत ऐकलं. मग एकदम सकाळी अकराला जाग आली.'

आकांक्षानं रेकॉर्डिंग तपासलं. चाचा माईकवर येत होते सहाव्या मिनिटाला. दहा तासांतून तिनं सहा मिनिटं वजा केली.

नऊ तास चोपन्न मिनिटं.