रस्सा सगळ्या खुर्च्यांना सारखा

आमच्या शेजारच्या सर्जेराव भावजींना मी रांगताना पाहिलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. दुपारची वेळ होती. विरजण मागायला गेले, खाली कुणी दिसेना, म्हणून जिना चढून माडीवर डोकावले. बघते तर हॉलमधल्या सगळ्यात भारी खुर्चीवर एक मोठा काळा ठोकळा जावयासारखा बसवलेला, आणि भावजी भिंतीच्या कडेकडेने हातागुडघ्यांवर चाललेले. मधेच थांबायचे, मान वाकडी करायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हितं लय झालं." चार वीत पुढे सरकून, "हितं कायबी न्हाई." कानावर खडू होता. लय झालं की फरशीवर फुली, कायबी नसलं की गोल.

मला वाटलं, बिचाऱ्यांचं काहीतरी हरवलंय.

"काय शोधताय, भावजी?"

"रस्सा," मान वर न करता ते म्हणाले.

आता हे समजायला आधी माणूस समजायला हवा. सर्जेराव भावजी रहिमतपूरचेच. फौजेत हवालदार होते, पण बंदूक फारशी हाताळली नाही. त्यांची सगळी नोकरी लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात गेली. ओळीतल्या पहिल्या जवानाला जेवढं मटण, तेवढंच शेवटच्याला, हा तिथला त्यांचा धर्म. रजेवर गावी आले तरी आराम नाही. लग्न कुणाचंही असो, हे खांद्यावर टॉवेल टाकून, हातात रश्शाची बादली घेऊन पंगतीत उभे. पाटलाच्या पानावर दोन फोडी जास्त आणि टोकाला बसलेल्या गड्याला नुसतं पाणी, असं कुणी वाढताना दिसलं, की हे त्याच्या हातातून पळी काढून घेत. "पंक्तिप्रपंच करनाऱ्याला नरकातसुदिक शेवटच्या पाटावर बसवत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नरकात पंगती बसतात का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या बायकोचं, इंदूताईंचं, या सगळ्यात एकच मागणं होतं. दर रजेला भावजी त्यांना सांगून जायचे, "पेन्शनीत आलो की निवांत शेजारी बसून पिक्चर बघू." इंदूताईंनी ते वाक्य जपून ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस नवरदेवाच्या पानावरून उठून मागच्या रांगेला वाढायला गेला होता, हे त्या आजही सांगतात. हसून सांगतात, पण सांगतात.

भावजी पेन्शनीत आले आणि शब्दाला जागले. माडीवरचा हॉल रिकामाच होता, कारण दोन्ही मुलं पुण्याला. तिथे मोठा पडदा लावला, स्पीकर आणले, पाय पसरून बसायच्या आठ खुर्च्या दोन रांगांत मांडल्या. दोन माणसांना आठ खुर्च्या कशाला, असं आमच्या ह्यांनी विचारलं. भावजी म्हणाले, "दोघांनीच बसून खायाचं म्हंजी त्ये जेवान न्हवं, डबा झाला."

पहिल्या संध्याकाळी दोघं पुढच्या रांगेत शेजारी शेजारी बसले. इंदूताईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पडद्यावर तोफ उडाली, खुर्ची थरथरली, भावजी खूश झाले. आणि लगेच त्यांच्या मनात आलं की मागच्या रांगेला काय मिळालं असेल? उठून मागे जाऊन बसले, तर तोफेचा नुसता फटाका झालेला. पुढच्या रांगेला तर्री आणि मागच्याला पाणी! त्या दिवसापासून त्यांनी बूड टेकलं नाही. इंदूताईंचा पिक्चर तिथेच अडला.

भावजींनी सांगलीहून रियाजभाईंना बोलावलं. त्यांचं स्पीकर-अँप्लिफायरचं दुकान आहे, माणूस फार सज्जन. त्यांनी समजावलं की तोफेचा, ढोलाचा, ढगांचा जो खालचा घुमणारा आवाज, तो वूफर नावाच्या ठोकळ्यातून येतो, आणि तो खोलीत सारखा पसरत नाही. कोपऱ्यात साचतो, मधे कुठेतरी पार आटतो. रांगायची युक्तीही त्यांचीच. वूफरला माणसाच्या खुर्चीवर बसवायचं आणि माणसानं वूफरसाठी जागा शोधत जमिनीवर फिरायचं. जिथे आवाज नीट ऐकू येईल तिथे वूफर मांडायचा.

"पन मामा," रियाजभाई म्हणाले, "तुमी दोघंच तर हाय. दोन खुर्च्यांपुरता एकच वूफर भागतो. सगळ्या खुर्च्या सारख्या करायच्या म्हटल्या तर दोन लागतील, चार लागतील. कशाला हा ताप?"

भावजींनी यातलं फक्त 'चार लागतील' एवढंच ऐकलं.

दुसरा वूफर ते स्वतः सांगलीहून एसटीने मांडीवर घेऊन आले. कंडक्टर सामानाचं तिकीट मागायला लागला, तर म्हणाले, "मांडीवरच्या लेकराला तिकीट असतंय व्हय?" तिसरा आला तेव्हा रांगायला एक माणूस कमी पडू लागला, म्हणून आमच्या ह्यांची भरती झाली. यांच्या गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केलेली आहे. रांगण्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, या मुद्द्यावर हे गेले आणि दोन दिवस शेकत बसले.

या काळात माझ्या स्वयंपाकघराचे हाल झाले. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. तिकडे घूं झालं की इकडे मांडणीतली ताटं खणखणायची. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, मला गोंगाट सहन होत नाही. तावातावाने गेले आणि भावजींना ओढतच माझ्या मांडणीपुढे आणलं. त्यांनी फुलपात्राला बोट लावलं, डोळे मिटले आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, "आवं वैनी, तुमच्या फुलपात्रापतुर पोचतंय आनि आमच्या मागच्या खुर्चीला न्हाई! हा काय न्याय झाला?" माझी तक्रार तिथेच संपली.

चौथा वूफर आला तेव्हा रियाजभाई म्हणाले की आता चारही भिंतींच्या बरोब्बर मधोमध एकेक ठेवा, सगळीकडे सारखं होईल. तीन भिंती सरळ निघाल्या. चौथ्या भिंतीच्या बरोब्बर मधोमध हॉलचं दार होतं. कुणीही शहाणा माणूस वूफर थोडा बाजूला सरकवेल. भावजींनी गवंडी बोलावून दार सरकवलं.

इंदूताई जिन्यात बसून माती उडताना बघत होत्या. "रंग दिऊन वरीस झालं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मग आला वाट्यांचा उद्योग. खुर्च्यांना सारखं पोचतंय का, हे बघायला माणसं रोज कुठून आणायची? भावजींनी आठ खुर्च्यांवर आठ स्टीलच्या वाट्या ठेवल्या, प्रत्येकीत बोटभर पाणी. घूं असा एक लांबलचक आवाज लावायचा आणि कुठल्या पाण्यावर किती लाट उठते ते बघत फिरायचं. मी गेले तेव्हा इंदूताई दारात उभ्या होत्या.

"बघा वैनी, पंगत," त्या म्हणाल्या. "पानं मांडल्याती, वाढपी उभा हाय, मानूस एक न्हाई."

मी म्हटलं, "होईल हो आता."

"मला वूफरातलं कळत न्हाई. मला एक पिक्चर बघायचाय. ह्यांच्याशेजारी बसून, आख्खा. येवढं मागनं लय मोठं हाय व्हय?"

मला खरं म्हणजे त्या क्षणी भावजींचा राग आला. साऱ्या पंचक्रोशीला न्याय देणाऱ्या या माणसाला घरातली एक खुर्ची रिकामी दिसू नये?

शेवटी आठही वाट्यांत सारखी लाट उठली. भावजींनी रविवारी दुपारी गल्लीला आमंत्रण दिलं. आम्ही दोघं, रियाजभाई आणि त्यांच्या बेगम, समोरचे पोस्टमास्तर, आणखी दोघं-तिघं. इंदूताई सकाळपासून भजी तळत होत्या, त्यामुळे त्यांची खुर्चीही पाहुण्यांनाच गेली. पिक्चर युद्धाचा होता. पहिला बॉम्ब पडला आणि खरंच सांगते, पोटात हलल्यासारखं झालं. पुढच्याला जेवढं, तेवढंच मागच्याला. भावजी कंबरेत वाकून रांगेमागून फिरत होते. "मास्तर, मिळालं न्हवं? वैनी, अजून वाढवू?" खांद्यावर टॉवेल तेवढा नव्हता.

पिक्चर संपला. पोस्टमास्तर टाळ्या वाजवत उठले. भावजी भिंतीला टेकून घाम पुसत होते, तोंडावर असं समाधान की जणू हजार पान उठलं. इंदूताई चहा टाकायला वळल्या, आणि माझ्यातली मुख्याध्यापिका जागी झाली.

"कुणी जायचं नाही," मी म्हटलं. "वाढप्यांची पंगत राहिलीय."

आमच्याकडची ही रीत आहे. सगळे जेवून उठले की वाढणारे बसतात, आणि जे जेवले ते पदर खोचून त्यांना वाढतात. भावजी जन्मभर ती चुकवत आलेले. कढईपाशी उभ्यानेच चार घास खाऊन मोकळे व्हायचे.

"तसलं काय नगं, वैनी. मी हाय की उभा."

"म्हणजे पंक्तिप्रपंच करताय?"

रियाजभाईंनी भावजींना दंडाला धरून मधल्या खुर्चीत बसवलं, मी इंदूताईंना त्यांच्याशेजारी. कुठला पिक्चर लावू, असं विचारल्यावर इंदूताई म्हणाल्या, "ज्यात कुनी मरत न्हाई असा." आमच्या ह्यांनी चहा आणून दिला. आम्ही सगळे मागे उभे राहिलो.

पडद्यावरची नावं संपायच्या आत इंदूताईंची मान भावजींच्या खांद्यावर कलली. सकाळपासून चुलीपुढे उभं राहिलेलं माणूस, झोप लागली.

पिक्चरमध्ये वरात निघाली, ढोल वाजायला लागले, आणि दाराजवळचा वूफर घरघरला. आत काहीतरी सैल झालं असावं. सगळ्यांना ऐकू आलं. भावजींची मान ताठ झाली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले. हा माणूस आता उठणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी वूफरकडे पाहिलं. मग खांद्याकडे पाहिलं. रियाजभाई लगबगीने पुढे निघाले, तर भावजींनी तळहात दाखवून त्यांना थांबवलं. "ऱ्हाऊ द्या," हळूच म्हणाले. "जागी हुईल ती."

वूफर घरघरत राहिला. ढोल फाटका वाजला, मागे ढग गडगडला तोही फाटका. भावजी पुतळ्यासारखे बसून होते. मी पदर डोळ्यांना लावला.

शेवटी पडदा पांढरा झाला तशा इंदूताई दचकून उठल्या. "सपला व्हय? कसा हुता?"

"लय चांगला," भावजी म्हणाले. त्यांनी एकदाही पडद्याकडे पाहिलं नव्हतं, हे मी मागून बघत होते.

"मग मला दावा की. माझा ऱ्हायला."

भावजी खांदा चोळत उठले. दाराजवळच्या वूफरपाशी गेले. आम्हाला वाटलं, आता तो उघडणार आणि पसारा मांडणार. त्यांनी फक्त बटण दाबून तो बंद केला, पिक्चर पहिल्यापासून लावला आणि परत येऊन इंदूताईंच्या शेजारी बसले. आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो.