ताईंना ‘नाही’ म्हणायचा सराव

निष्ठा म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल, त्याने पंचवटीत माझ्या पूजासाहित्याच्या दुकानात यावं! बसायला स्टूल देईन, वर कापराची वडी फुकट. ज्योत्स्नाताई साध्या नगरसेविका होत्या तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर आहे, आणि इतक्या वर्षांत त्यांना एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. एकदाही! भर मे महिन्यात प्रचार करताना त्या म्हणाल्या, "आज जरा गारवा आहे, नाही?" मी शेजारच्या घरातून मफलर मागून आणला. मिसळीचा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "तिखट आहे." मी म्हणालो, "जाळ आहे नुसता!" दुसरा घास घेऊन म्हणाल्या, "तशी बरी आहे." मी म्हणालो, "अहो, गोडच म्हणायची!" याला म्हणतात विश्वासू माणूस.

तर अशा आमच्या ताई यंदा थेट मंत्री झाल्या. मखमलाबादच्या फुलशेतकऱ्याची लेक, डोक्यावर झेंडूच्या पाट्या घेऊन बाजारात येणारी, ती टीव्हीवर शपथ घेताना दिसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. पण ते पुसून होईपर्यंत डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. मंत्र्याला मोठ्या जागांवर आपली माणसं लागतात. विशेष कार्य अधिकारी, ज्याला सगळे ओएसडी म्हणतात, त्या दोन जागा ताई स्वतःच्या पसंतीने भरणार होत्या. त्यातली एक माझी हे तर उघडच होतं. दुसरी कोणाची, एवढाच काय तो प्रश्न!

घरी बायको, मनीषा, मेथी निवडत होती. तिला बातमी दिली.

"ताईंनी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? इतकी वर्षं सतरंज्या कोणी उचलल्या? माइक कोणी धरला?"

"माइक धरणाऱ्याला ओएसडी करतात?"

"तुला राजकारण कळत नाही!"

"मला तुम्ही कळता," ती म्हणाली आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

निवड जाहीर झाल्यावर फ्लेक्सवाल्याकडे झुंबड उडणार, म्हणून मी शहाणपणा करून फ्लेक्स आधीच छापून घेतला. ‘मा. यादवभाऊ यांची विशेष कार्य अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : यादवभाऊ मित्रपरिवार.’ मित्रपरिवार म्हणजे मीच. फोटोत मी कानाला मोबाइल लावून दूर कुठेतरी बघत होतो, राज्याचं काहीतरी ठरवत असल्यासारखा. ताईही होत्या, वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. चांगली मोक्याची जागा बघून तो चौकातल्या सिग्नलच्या खांबाला बांधला.

मग काय विचारता! दुकानात उदबत्तीला कमी आणि कामाला जास्त माणसं येऊ लागली. एकाच्या जावयाची बदली लांब हरसूलला झाली होती, ती रद्द करायची होती. मी म्हटलं, "होऊन जाईल!" दुसऱ्याला त्याच जावयाची इथली रिकामी होणारी जागा हवी होती. "होऊन जाईल!" फूल विकणाऱ्या फुलाबाईंनी माझ्या गळ्यात शेवंतीचा हार घातला.

"भाऊ, आमाला बसायला पक्की जागा मिळंल ना?"

"मिळाली समजा!"

तीच जागा मी आणखी दोघांना दिली होती, कारण तेही चांगले लोक होते. मनीषाच्या माहेरहून तर अख्खी जीप भरून पाहुणे आले. एकूण काय, ओएसडी होणं आता माझ्या हातात राहिलं नव्हतं. झालो नसतो तर पंचवटीत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

आणि अशात ताईंचा ड्रायव्हर लखन दुकानात आला.

"भाऊ, एक जागा भरली. ललिताबाईंना घेतलं."

"कोण ललिताबाई? त्या एकलहऱ्याच्या?"

त्याच! एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या बाई. प्रचाराच्या भर सभेत त्यांनी ताईंचा पदर ओढला होता आणि म्हणाल्या होत्या, "ताई, भाषण लांबलंय. लोकांना जेवायचंय. बसा खाली!" तेव्हा मला वाटलं होतं, संपली ही बाई.

"आणि हरसूलच्या चिमाजींना सल्लागार समितीवर घेतलं," लखन म्हणाला.

"ज्यांनी ताईंची गाडी वेशीवर अडवली ते?"

"हां. ‘रस्ता करते म्हणाला व्हतात, मंग आता चालत या,’ आसं म्हणले व्हते. ताई चालत गेल्या. मला पन मुंबईला नेतायत. मी एकदा ताईंना म्हणलो व्हतो, लेट झालं तरी चालंल, सिग्नल लाल हाय, गाडी पुढं घेनार नाय."

"अरे, पण हे सगळे उद्धट लोक!"

"ताई म्हणल्या, आता खुर्ची मोठी हाय, चूक पन मोठी व्हईल. मला तोंडावर नाय म्हणनारी मानसं जवळ पायजेत."

क्षणभर मला ताईंचं कौतुक वाटलं. दुसरा कोणी मंत्री असता तर भाचे, मेहुणे आणि साडू भरले असते. आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं, ‘नाही’ हा शब्द तर मला येतच नव्हता!

रविवारी ताई नाशिकला येणार होत्या आणि मला भेटायला बोलावलं होतं. तोवर सराव करणं भाग होतं. सुरुवात घरापासून केली.

"चहा घेता?" मनीषाने विचारलं.

"नाही!"

"बरं नाही का?"

"नाही!"

"जेवायला वाढू?"

"नाही!" मी आवाज चढवला.

"नका जेवू," म्हणून तिने पिठलं झाकून ठेवलं आणि पाहुण्यांबरोबर गप्पा मारत बसली. मी उपाशी दुकानात गेलो. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "कापूर आहे का?" मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "नाही!" माझ्या पाठीमागे कापराच्या डब्यांची भिंत होती. तो माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत शेजारच्या दुकानात गेला. धंदा बुडत होता, पण जीभ वळायला लागली होती!

रविवारी ताईंच्या मखमलाबादच्या घरी पोचलो तर अंगणात जत्रा. मी शब्द दिलेले सगळे लोक आले होते. फुलाबाई हार घेऊनच उभ्या होत्या. आत ताई आणि त्यांच्या शेजारी ललिताबाई. टेबलावर वेलदोड्याच्या चहाची किटली.

"या यादवभाऊ, बसा."

"नाही!"

ललिताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"चहा घ्या."

"नाही!"

"अहो, उभ्याने पाय दुखतील."

"नाही दुखणार!"

ताईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मला वाटलं, प्रभाव पडतोय. त्या म्हणाल्या, "मी ठरवलंय, माझ्या कुठल्याही कार्यक्रमात हारतुरे बंद. उगाच उधळपट्टी. बरोबर ना?"

"नाही!"

"का बरं?"

‘का’ची तयारी मी केलीच नव्हती! खिडकीतून फुलाबाई दिसल्या आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, हार बंद केलेत तर या बायांनी विकायचं काय? तुमच्या वडिलांनी झेंडूच विकला ना?"

मेलो, मी म्हटलं. पण ताईंनी खिडकीतून फुलाबाईंकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात आलं नाही. ललिताबाई, हार राहू द्या. फक्त एकच घ्यायचा, आणि तो इथल्याच बायांकडून."

मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यामुळे काहीतरी बदललं होतं! छाती फुगली. आता मला थांबवणारं कोणी नव्हतं.

"नाशिकचा दौरा आठवडाभर ठेवू?"

"नाही!"

"उद्घाटनं घ्यायची?"

"नाही!"

"मग ओएसडीची दुसरी जागा तुम्ही घेता का?"

"नाही! मुळीच नाही!"

आवाज इतका खणखणीत होता की अंगणातली कुजबुज थांबली. मी काय बोललो ते माझ्या कानांपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. पोचलं तेव्हा पाय खरंच दुखायला लागले.

"म्हणजे... ताई..."

"विचार बदलणार आहात का?"

सवयीने तोंडातून गेलंच, "नाही!"

ताई उठल्या, मला हाताला धरून ओसरीवर घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मंत्र्याने देऊ केलेलं पद तोंडावर नाकारणारा माणूस मी आज पाहिला! यादवभाऊ, तुम्ही इथेच राहा, पंचवटीत. फुलाबाईंसारखं कोणाचं काही अडलं, तर थेट मला फोन करायचा. आणि आज बोललात तसंच बोलायचं."

टाळ्या पडल्या! फुलाबाईंनी हार घातला. हरसूलच्या बदलीच्या दोन्ही बाजूंचे लोक माझ्या त्यागाने भारावून गेले आणि बदलीचा विषय कोणी काढलाच नाही. मी हात जोडून उभा होतो आणि डोळ्यांत पुन्हा पाणी होतं. लोकांना ते वेगळंच वाटलं.

निघताना ताई हळूच म्हणाल्या, "आणि तेवढा फ्लेक्स उतरवा. लखनला सिग्नल दिसत नाही."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! फ्लेक्स, दिलेले शब्द, सराव, सगळं. मला घ्यायचं नव्हतं आणि दुखवायचंही नव्हतं, म्हणून बाईंनी नकार माझ्याच तोंडून वदवला, वर सत्कारही केला! काय डोकं म्हणायचं!

घरी मनीषाने दारातच विचारलं, "काय झालं?"

"मला विचारलं. मी नाही म्हणालो."

ती जिन्यावर बसून हसली, पदर तोंडाला लावून, पोट दुखेपर्यंत. मग गरम पिठलं वाढलं. फ्लेक्स आता आमच्या गच्चीवर आहे. त्यावर ती कुरडया वाळवते, बरोबर माझ्या चेहऱ्यावर.

मला राग आहे का? नाही. आणि हे सरावाचं ‘नाही’ नव्हे. आज कोणी ताईंबद्दल वाकडं बोललं तर मी भांडायला उठतो. माणसं ओळखावीत ती त्यांनीच! खरं सांगू? त्यांच्या जागी मी असतो, तर मीही मला घेतलं नसतं.

फक्त तो चहा घ्यायला हवा होता.