तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला उल्कावीर

"आजच्या दिवसात चूक व्हायला जागाच नाही!" उल्कापातने आरशातल्या स्वतःला ठणकावून सांगितलं आणि छातीवर बांधलेल्या छोट्या पेटाऱ्याचं बटण दाबलं.

छातीवरचा दिवा भक्कन लाल पेटला आणि आतून खर्जातला आवाज घुमला, "घाबरू नका! वर बघा! मी आलोय!"

स्वयंपाकघरात आत्याच्या हातातली बशी खळ्ळकन फुटली.

उल्कापात हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होता आणि तिथल्या लोकांनी त्याचं हे बारसं केलं होतं. कारण एकच, उल्कावीर! आकाशातून कोसळणारा, मुठीने पूल उचलणारा, लाल पोशाखातला पडद्यावरचा उल्कावीर! त्याचे सिनेमे या गड्याने इतक्यांदा पाहिले होते की थिएटरचा डोअरकीपर उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांना सरळ त्याच्या शेजारी बसवायचा. म्हणायचा, "आतापर्यंत काय झालं ते हे सांगतील."

आज नवा भाग लागणार होता. आणि पहिल्या खेळाला उल्कावीरचं काम करणारा नट स्वतः, जिवंत, हाडामांसाचा, थिएटरात येणार होता! ज्याचा पोशाख सगळ्यांत हुबेहूब, त्याच्या खांद्यावर हात टाकून तो फोटो काढणार होता. उल्कापातने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आत्याने पडद्यांच्या उरलेल्या लाल अस्तरातून पोशाख शिवून दिला होता. पायात जरा आखूड, पोटावर जरा जुलमी, पण मागे झगा असा की वारा नसतानाही फडफडायचा! बेत साधा होता. पोशाख आत, वर कामाची डांगरी. दुपारपर्यंत काम, मग डांगरी उतरवायची आणि थेट थिएटर. तिथून घरी, अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि संध्याकाळी सुईच्या आईची पहिलीच भेट.

हे शेवटचं प्रकरण मात्र नाजूक होतं. सुई म्हणजे त्याची मैत्रीण. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचायची, म्हणून सुई. दोघांना लग्न करायचं होतं आणि मध्ये उभी होती सुईची आई. निवृत्त मुख्याध्यापिका! सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं आणि म्हणताना आपोआप ताठ उभं राहायचं. बाईंची अट एकच, मुलगा गंभीर प्रवृत्तीचा हवा. तेव्हा सुईने सांगून टाकलं होतं, "अगं आई, तो इतका गंभीर आहे की सिनेमासुद्धा बघत नाही!"

"एवढं कशाला फेकलंस?" उल्कापात कळवळला होता.

"एक संध्याकाळ तर गप्प बसायचंय तुला. बसशील ना?"

बसणार होता बिचारा. पण दुपार व्हायच्या आत सुपरवायझरचा फोन खणखणला.

"उल्कापात, डोळ्यांच्या हॉस्पिटलची लिफ्ट अडकलीय. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. आत दोन माणसं आहेत."

"साहेब, दुपारपासून माझी रजा आहे हो!"

"अरे, दहा मिनिटांचं काम! दादा निघालेत, तूही पोच."

दादा म्हणजे त्याचा जोडीदार, कंपनीतला सगळ्यांत जुना मेकॅनिक. दोघं हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या मशीनरूमपाशी भेटले. उल्कापातला घाई झाली होती. दोन पायऱ्या उरल्या असताना त्याने उल्कावीरच्या थाटात आत झेप घेतली. झेप झकास होती! फक्त समोर फळी होती, आणि फळीवर गिअरच्या तेलाचा डबा होता.

डबा त्याच्या डोक्यावर असा रिकामा झाला, जणू कुणी अभिषेकच घातला!

"हलू नकोस!" दादा ओरडले. "ब्रेकवर तेलाचा थेंब उडाला तर लिफ्ट घसरेल. काढ ती डांगरी आधी!"

"दादा, डांगरी नको..."

"काढ म्हणतो ना!"

डांगरी उतरली. दादा बघतच राहिले. लाल चड्डी, लाल बंडी, लाल झगा.

"हे काय नेसलायस?"

"उल्कावीर."

"घरी बरं आहे ना सगळं?"

"दादा, ते नंतर! आत माणसं अडकलीत!"

दादांनी मेन स्विच पाडला. अशा वेळी एकाने वर थांबून हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने खाली दारापाशी राहून सांगायचं, वर घ्या, खाली घ्या. उल्कापातने तोंड पुसलं, फोन चालू ठेवून पट्ट्यात खोचला आणि तो झगा सावरत चौथ्या मजल्याकडे धावला.

आता त्या मजल्यावरची मंडळी पाहा. बाकांवर रांगेने बसलेले पेशंट, सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले. कुणालाच धड दिसत नाही! त्यांच्यासमोरून एक लालभडक धूसर आकृती फडफडत गेली.

"थेंब फार जहाल दिसतायत," एक आजोबा म्हणाले.

उल्कापातने चावीने चौथ्या मजल्याचं दार उघडलं. लिफ्ट पुरुषभर खाली होती. त्याने पालथं पडून आतलं दार बोटभर सरकवलं आणि डोकावला. आत हॉस्पिटलचा सिक्युरिटी गार्ड भिंतीला पाठ लावून थरथरत होता. मिशा केवढ्या, छाती केवढी, आणि डोळ्यांना धार लागलेली! शेजारी एक किरकोळ, ताठ बाई उभ्या होत्या. त्यांच्याही डोळ्यांत थेंब. दिसत नाही म्हणून गार्ड त्यांना सोबत करायला आला होता, आणि आता बाईच गार्डला सांभाळत होत्या.

"रडू नका! पाढा म्हणा! सतरा साते?"

"सतरा साते... सतरा साते..."

"एकशे एकोणीस! पुढे!"

पालथं पडल्यामुळे छातीवरचं बटण दाबलं गेलं. लिफ्टमध्ये लाल उजेड पसरला. "घाबरू नका! वर बघा! मी आलोय!"

गार्डने वर बघितलं आणि किंकाळी फोडून बाईंचा हात धरला. बाईंनी मात्र डोळे बारीक केले.

"लाल दिसतंय काहीतरी. अग्निशमन दल का?"

"अं... हो... तसंच समजा," उल्कापात म्हणाला.

"मग समजायचं कशाला? लवकर काढा आम्हाला. संध्याकाळी माझ्या मुलीचा मित्र यायचाय, लग्नाचं बोलायला. गंमत बघा, तो लिफ्टचाच मेकॅनिक आहे! तो असता तर एव्हाना आम्ही घरी असतो."

उल्कापात आणखी पुढे वाकला. "मुलगी... काय करते आपली?"

"लॅबमध्ये असते. रक्त काढते लोकांचं."

त्याचं स्वतःचं रक्त मात्र त्या क्षणी जागच्या जागी गोठलं.

"घाबरू नका! वर बघा! मी आलोय!" छाती पुन्हा गरजली.

"कळलं हो!" बाई खेकसल्या. "एकदा सांगितलेलं समजतं मला!"

त्याने घाईघाईने दार लावून घेतलं, दाराच्या चिंचोळ्या काचेला डोळा लावला आणि फोनवर सांगितलं, "दादा, वर घ्या. सावकाश!"

लिफ्ट कुरकुरत वर यायला लागली. मजल्याला लागली, आणि वीतभर पुढे गेली.

"बास! आता जरा खाली!"

"घाबरू नका! वर बघा!" छाती म्हणाली.

"मी कशाला घाबरू?" फोनमधून दादा म्हणाले. "घेतो वर!"

"वर नको! खाली, खाली!"

लिफ्ट खाली गेली. जरा जास्तच गेली.

"थांबा! किंचित..."

"वर बघा! मी आलोय!"

"अरे, तू वर कशाला येतोस? तिथेच थांब!"

"मी नाही येत, दादा! तो पेटारा बोलतोय!"

"कसला पेटारा? नीट सांग, वर की खाली?"

लिफ्ट विहिरीतल्या पोहऱ्यासारखी वरखाली हिंदकळत होती. आत गार्ड पाढे सोडून आईला हाका मारत होता. बाईंचा आवाज दारातून आरपार आला. "तुमच्या दलाचं आधी एकमत करून घ्या! आम्ही थांबतो तोवर!"

तेलाने अडकलेलं बटण दाबून पाहिलं, थोपटून पाहिलं. आवाज काही थांबेना. या आवाजासाठी उल्कापात किती रात्री त्या पेटाऱ्याशी झटला होता! थिएटरातली पोरंसोरं हाच आवाज ऐकून शिट्ट्या मारणार होती. त्याने दाराच्या काचेतून आत पाहिलं. बाई गार्डच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, पण त्यांचाही दुसरा हात आता कठड्याला घट्ट आवळलेला होता.

उल्कापातने पक्कड काढली, छातीतल्या वायरी मुठीत धरल्या आणि उपटल्या.

"घाबरू न... ऊं... ऊंऽऽ," करून उल्कावीरने प्राण सोडला.

शांतता झाली. "दादा," तो म्हणाला, "आता फक्त माझं ऐका. दोन बोटं वर. अजून थोडं. बास!"

दार उघडलं. गार्ड बाहेर झेपावला तो थेट उल्कापातच्या गळ्यात पडला, आणि एवढ्या प्रेमाने पडला की झगा खांद्यापासून फाटून त्याच्या मुठीत आला. बाई मात्र शांतपणे पाऊल चाचपत बाहेर आल्या.

"हात द्या. जिना दिसत नाही मला."

उल्कापातने हात दिला. जिन्याच्या खिडकीतून दूरवरचा ढोल आणि आरोळ्या ऐकू आल्या. नट आला असावा. एरवी तो या पायऱ्या चार चार करून उतरला असता. पण बाईंचं पाऊल प्रत्येक पायरीवर थबकत होतं. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि भीती त्याला कळू नये म्हणून त्या मोठ्याने बोलत होत्या. तो एकेक पायरी सांगत उतरला. "ही उंच आहे. आता वळण. आता सपाट."

खाली दारात सुई उभी होती. आईला घरी न्यायला आली होती. आई लाल अस्तरातल्या तेलकट माणसाचा हात धरून उतरतेय हे बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

"हे बघ," बाई लेकीला म्हणाल्या, "या अग्निशमनवाल्यांनी सोडवलं मला. हाताखालचा तो ओरडणारा माणूस जरा वेंधळा असावा यांचा, पण हे स्वतः फार धीराचे. काय हो, लग्न झालंय तुमचं?"

"न... नाही."

"बघितलंस? मी काय म्हणते, त्या संध्याकाळच्या मुलाला नाही सांगून टाकूया का? एवढा गंभीर माणूस! हसत नाही, बोलत नाही, सिनेमा बघत नाही. मलाच आता धाकधूक वाटायला लागलीय. त्यापेक्षा हे काय वाईट आहेत?"

सुईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण हसू कानातून बाहेर पडेल असं वाटायला लागलं. उल्कापातची अवस्था विचारूच नका! स्वतःच्याच लग्नात स्वतःच आडवा आलेला असा दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "त्या मुलाला नाही सांगू नका. तो मीच."

बाईंनी त्याच्या बंडीचं अस्तर चिमटीत धरून पाहिलं. "मग हे लाल काय आहे?"

"सिनेमातल्या हिरोचा पोशाख आहे. उल्कावीर म्हणून आहे एक. आज त्याच्याकडेच निघालो होतो."

"म्हणजे सिनेमे बघता?"

"सगळे. पुन्हा पुन्हा."

"आई, खोटं मी बोलले," सुई पुढे झाली.

बाईंनी चिमटीतलं अस्तर सोडलं नाही. दारापाशी बसलेल्या पेशंटांनीसुद्धा कान टवकारले.

"शाळेत," बाई म्हणाल्या, "मुलं दप्तरात काय लपवतात ते बघितलं की मुलगा कळायचा मला. तुमचा हा उल्कावीर दाखवा एकदा. डोळ्यांतले थेंब उतरू देत. उद्याची तीन तिकिटं काढा."

संध्याकाळी थिएटरात गेलेल्या मित्रांनी नटाचा फोटो पाठवला. त्यात सहा धिप्पाड अंगरक्षक होते आणि त्यांच्या मधोमध थोडे केस दिसत होते. ते नटाचे असावेत.

दुसऱ्या दिवशी तिघं थिएटरात बसले. मधली खुर्ची अर्थातच बाईंची. सुरुवातीला त्या "हा भिंतीतून का जातो? दार नाही का?" असं विचारत होत्या. मग विचारेनाशा झाल्या. मग खुर्चीच्या टोकावर आल्या. आणि पडद्यावर एक उंच इमारत पेटली, लिफ्ट मध्येच अडकली, आत माणसं! उल्कावीर कोसळत आला आणि त्याने मुठीने लिफ्टचं दार फोडायला सुरुवात केली. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं.

आणि उल्कापात ताडकन उभा राहिला! एवढ्या वर्षांची भक्ती एकीकडे आणि धंदा एकीकडे!

"अरे, हे काय करतोस? आधी मेन स्विच पाड! वर चाकावर माणूस कोण आहे? ब्रेक बघितलास का?"

"श्शूऽऽ!" सगळं थिएटर फुत्कारलं. मागच्या रांगेतल्या लाल झग्यातल्या चिमुरडीने त्याच्या पाठीत बोट खुपसलं. "काका, खाली बसा! त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं!"

बाईंनी पडद्यावरची नजर न काढता त्याचा शर्ट धरून खाली खेचलं.

"अरे, बस ना गप्प! माणसं अडकलीत आत, आणि तुझं काय चाललंय मध्येच!"

उल्कापात मुकाट्याने बसला. सुई बाईंच्या पाठीमागून त्याच्या कानाशी वाकली.

"ऐकलंस? 'अरे' म्हणाली तुला!"

आनंदाने पुन्हा उभं राहावंसं वाटलं त्याला. पण मागे ते बोट अजून रोखलेलंच होतं.