सुखरामची मिशी आणि टिनाचं छत

जून महिन्यात सुखरामने घरावरचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, उतरवले, टिनाचं छत टाकलं आणि शिडीवरूनच चारचौघांना सांगितलं, "या छतातून घरात एक थेंब जरी पडला, तं मी मिशी काढीन."

ही मिशी काही साधीसुधी नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तो तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत फिटर म्हणून लागला, तेव्हापासून ती वर वळलेली होती. वडील गेले तेव्हा रीतीप्रमाणे ती डोक्याच्या केसांबरोबर एकदा उतरली होती. परत नीट वळेपर्यंत सहा महिने गेले, आणि ते सहा महिने सुखराम लोकांशी बोलताना तोंडावर खांद्यावरचा दुपट्टा धरायचा. म्हणजे बाकी काहीही पणाला लावलं असतं तरी चाललं असतं. पण चारचौघं बसले की सुखरामच्या तोंडाला कुलूप राहत नसे.

त्या चारचौघांत व्याही खेमराज होता. खेमराज परसवाड्याचा, सुनेचा बाप, कमी बोलणारा. तो म्हणाला, "बरं हाये, इवाई. तुमच्या छतावर एक वर्ष निघू द्या. मंग मीबी टाकतो."

पावसाळा गेला. खरंच एक थेंब आला नाही. प्रत्येक बोल्टखाली सुखरामने सायकलच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून घातला होता, त्यावर डांबर. बायको गोदाबाईला कवेलूच आवडायचे, पण तीसुद्धा गप्प झाली. सुखराम मिशीला तेल लावून गावात फिरत होता.

डिसेंबर लागला. थंडी अशी पडली की माणसं उन्हाच्या मागे मागे अंगणभर सरकू लागली. आणि एका पहाटे गोदाबाईच्या नाकावर पाण्याचा थेंब पडला.

"अवो," ती म्हणाली, "छत गळून राह्यलं."

सुखराम बाहेर जाऊन आला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. "पाऊसच नाई, तं गळन कसं? तुले सपन पडलं असन."

एवढ्यात दुसरा थेंब त्याच्या कानात पडला. त्याने तो कोणाला दिसणार नाही असा करंगळीने पुसला.

सून पौर्णिमा तिरोडीच्या शाळेत विज्ञान शिकवते. चहा ठेवता ठेवता तिने वर पाहिलं आणि ती म्हणाली, "मामाजी, ते पाणी वरून नाई..."

"पौर्णिमा, तू पोरायले शिकव," सुखराम म्हणाला. "छताचं मले शिकवू नको. तीस वर्षं खाणीत काढली मी."

खाणीला छत नव्हतं, उघडी खाण होती ती. पण हे सासऱ्याला कोण सांगणार?

दुपारी सुखराम छतावर चढला. सगळ्या बोल्टांवर डांबराचा दुसरा थर दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच ठिकाणी पाणी टपकलं. त्याने विचार केला आणि त्याला उलगडा झाला. भिंत आणि टिन यांच्यामध्ये जी वीतभर फट आहे, तिथून रात्रीचं दव वाऱ्याबरोबर आत येतं. हा शोध त्याचा स्वतःचा होता, त्यामुळे त्याला तो फार आवडला. दिवसभर खपून त्याने चारही बाजूंच्या फटी भाताच्या तणसाने ठासल्या, वरून माती लिंपली. घर असं बंद झालं की आत डासालासुद्धा कोंडल्यासारखं वाटलं असतं.

"मामाजी," पौर्णिमा म्हणाली, "फटी बुजवल्या तं आणखी..."

"थंडीबी नाई येनार आता. हौ ना?"

पुढच्या पहाटे गोदाबाईने सात भांडी मांडली. त्यात कुकरसुद्धा होता. सुखरामने बायकोला आणि सुनेला शप्पथ घातली की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही. त्या दोघींनी शप्पथ पाळली. अडचण वेगळीच होती. चार दिवसांवर गावची मंडई आली होती.

मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. दुकानं लागतात, रात्री दंडार म्हणजे नाचगाण्याचं नाटक होतं, आणि मुख्य म्हणजे घरोघरी पाहुणे मुक्कामाला येतात. यंदा खेमराज सात माणसं घेऊन येत होता, आणि त्याने फोनवर मुद्दाम सांगितलं होतं, "छतबी पाहून घेतो."

"पाहुण्यायले बाहेरच्या उघड्या परछीत झोपवू," गोदाबाई म्हणाली.

"या थंडीत? लोक काय म्हनतीन?"

"मामाजी, नुसती एक खिडकी जरी उघडी..."

"माह्या घरी पाहुना कुडकुडनार नाई," सुखरामने तिसऱ्यांदा सुनेला थांबवलं.

मंडईच्या पहिल्या रात्री घरात बारा माणसं झोपली. दारं बंद, खिडक्या बंद, फटी तर आधीच बंद. एवढ्या लोकांच्या आंघोळीचं पाणी तापायला हवं म्हणून पहाटे चारलाच आतल्या चुलीवर दोन मोठे हंडे चढले. पाच वाजता ते खदखदू लागले. सव्वापाचला घरात पाऊस सुरू झाला.

लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. खेमराज गादीवर उठून बसला. त्याच्या टकलावर एक थेंब पडला, मग आणखी एक. त्याने वर छताकडे पाहिलं. मग सावकाश सुखरामच्या मिशीकडे पाहिलं.  पंच्याने टक्कल पुसलं आणि पंचा घडी करून ठेवला.

तो एक शब्द बोलला असता तर सुखरामने दहा शब्द परत केले असते. न बोलणाऱ्या माणसापुढे काय करायचं? सुखराम उठला, कानटोपी चढवली आणि तेजराम न्हाव्याकडे गेला. बढाईखोर असेल, पण शब्दाचा पक्का होता. आरशात पाहताना त्याला रडू आलं, ते त्याने थंडीवर ढकललं.

आता आमच्याकडे माणूस मिशी काढतो ती आई-बाप गेल्यावर. सुखरामचे वडील कधीचेच गेले होते. उरली होती आई, जिजाबाई, वय नव्वदच्या पुढे, गावात सगळ्यांत म्हातारी. आणि सुखरामच्या डोक्यावर कानटोपी होती, त्यामुळे खाली केस आहेत की नाहीत हे कोणाला दिसणार?

चौकात मंडई कमिटीचा अध्यक्ष भैयालाल भेटला. त्याने सुखरामचं तोंड पाहिलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"कधी झालं, भाऊ?"

"पहाटे सव्वापाचले," सुखराम खाली पाहत म्हणाला.

"एकदमच?"

"आठवड्यापासून लच्छन दिसत होतं. आज धोधो सुरू झालं."

भैयालालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचं त्याला ऐकवेना. सुखरामला वाटलं, चला, एका माणसाला तरी आपल्या मिशीची किंमत कळली.

जिजाबाई अंगणात उन्हाला बसून दुधात भाकर चुरत होती, तेव्हा चौकातला भोंगा वाजला. "सर्वांना कळवण्यात दुःख होते, की गावच्या ज्येष्ठ आजी जिजाबाई यांचे आज पहाटे निधन झाले. आजची दंडार रद्द."

"कोनती जिजाबाई वं?" म्हातारीने गोदाबाईला विचारलं. "आपल्या गावात तं मी एकटीच हावो."

तोवर माणसं यायला लागली होती. बायका फाटकापासूनच रडत आल्या आणि जिजाबाईला पाहून अर्ध्यावर थांबल्या. दोघं जण बांबू घेऊन आले होते, ते भिंतीला टेकवून उभे राहिले. म्हातारीने सगळ्यांवरून नजर फिरवली, शेवटी बिनमिशीच्या मुलावर आणली.

"काहून रे, एवढी घाई?"

सुखरामला सगळं सांगावं लागलं. पहिल्या थेंबापासून, पन्नास माणसांसमोर. तो थांबला तेव्हा पौर्णिमा चुलीवरच्या हंड्याचं झाकण घेऊन बाहेर आली. तिने ते उलटं केलं. आतून पाणी टपटप गळलं.

"झाकन फुटकं हाये का, मामाजी?"

"नाई."

"तसंच छतबी नाई गळत. आतली वाफ अन् आपला श्वास वर जाते, थंड टिनाले लागून पानी होते. कवेलूतून निघून जायची. अन् ह्या फटी तुमी बुजवल्या."

"मंग आधी काहून नाई सांगितलं?"

"तीनदा सांगून राह्यली होती."

 खेमराजने घसा साफ केला. "म्हनजे छत पक्कं हाये, इवाई," तो म्हणाला. "मिशी काढायचं काही काम नोतं."

दुपारी सुखरामने आपल्या हाताने सगळं तणस उपसून काढलं. दुसऱ्या पहाटे पाणी तापलं अंगणात, आणि घरात थेंब पडला नाही. रद्द केलेली दंडारही झाली. जिजाबाई पहिल्या रांगेत बसली होती.

तिनेच येता येता मुलाला सांगितलं, "ठेव तशीच आता. वाढवू नको. माह्या वेळेवर पुन्हा काढा लागन."

सुखरामने ऐकलं नाही. मिशी वाढते आहे, पावसाळ्यापर्यंत वळेल असा अंदाज आहे. तोवर तो रोज सकाळी आईपाशी बसतो, तिला स्वेटर घालतो, खोकली तर बालाघाटच्या डॉक्टरला फोन लावतो. गाव म्हणतं, आईवर काय जीव आहे पोराचा.  जिजाबाईला फक्त एवढं कळतं की तब्येत विचारताना त्याचा हात ओठावर असतो.