मधल्या ओळींवर संशय

म्हात्रे सर पेणच्या कारखान्यात गणपती घ्यायला गेले की आधी मूर्ती फिरवून पाठ बघतात. पाठीलाही नीट रंग लागलाय अशी खात्री झाली, की मगच समोरून हात जोडतात. "दाखवत नाय ना, म्हणजे काय तरी हाय," हे त्यांचं ब्रीद. झाकलेल्या भाजीलाही ते हेच म्हणतात.

रोह्याच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवतात. माझी बायको सुलभा त्यांच्याच विभागात होती. गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतरही सर रविवारी आमच्या रामवाडीच्या घरी येतात आणि चहा घेण्याआधी गाळणीत डोकावतात.

यंदा विभागात गणिताच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि सरांना हक्काचा शत्रू मिळाला. जुन्या आवृत्तीत तक्ता उघडला की सगळ्या ओळी पडद्यावर उतरत. नवी आवृत्ती वरच्या काही ओळी दाखवते, खालच्या काही, आणि मध्ये नुसती टिंबं.

"मधल्या ओळी कुठं नेल्यान?" सरांनी प्रयोगशाळेच्या मोकल मॅडमना विचारलं.

"सर, खाली सरकवलं की दिसतात."

"म्हणजे लपवणार हा, नि शोधायचं आपण? आणि दशांशाच्या शेपट्या का छाटल्यान?"

"छाटल्या नाहीत. आत आहेत. फक्त दाखवत नाही."

मॅडमनी हे बोलायला नको होतं. जुनी आवृत्ती असलेला एकच संगणक उरला होता. त्यावरची ती आवृत्ती पुसू द्यायला सरांनी साफ नकार दिला. प्राचार्यांनी मुदत दिली, सरांनी ती वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली. मला दर रविवारी सांगायचे, "एकदा येऊन बघा हो. घोटाळा हाय." मी टाळायचो. त्या इमारतीत पाऊल टाकवत नव्हतं.

शेवटची मुदत संपली त्या दिवशी ते स्वतःच मला गाडीत बसवून घेऊन गेले.

नव्या संगणकावर त्यांनी एक तक्ता उघडला. अरुंद रकाने, मध्ये टिंबं. मग तोच तक्ता जुन्यावर उघडला. पडदाभर ऐसपैस रकाने, ठसठशीत आकडे, एक ओळ फिकट पिवळी, एक पांढरी.

"सुलभाबाईंनी मांडलेला," सर म्हणाले. "मागच्या बाकावरल्या पोरींना दिसावं म्हणून. आकडे नव्यात पण तेच हायत, मी तपासलेत. ही मांडणी तेवढी त्याच्यात येत नाय."

मी एकेक ओळ वाचत राहिलो. मोकल मॅडम दारात आल्या.

"सर, आज तरी पुसू का?"

"थांबा जरा, मॅडम," सर हळूच म्हणाले. "यांचं बघून होऊ दे."