दहिसरच्या गच्चीवर मिरची आणि सूर्यपट्ट्या यांचे युद्ध जाहले त्याची हकीकत

श्रीदेव रवळनाथ प्रसन्न. दहिसर मुक्कामी रवळनाथ कृपा सोसायटीच्या गच्चीवर चैत्र-वैशाखाच्या संधीस जे रण माजले, त्याची खरी हकीकत कोणती आणि लोकांनी जिन्यात उभे राहून मीठमसाला लावून सांगितली ती कोणती, याचा निवाडा राहावा म्हणोन हे लिहिणे. ज्यांस खोटे वाटेल त्यांणी खुशाल गच्चीवर जाऊन एक दीर्घ श्वास घ्यावा. शिंक आली म्हणजे पुरावा पावला.

तर वर्तमान ऐसे की, चीन मुलखी सौर पॅनेलांचे, म्हणजे सूर्यपट्ट्यांचे, पीक बेसुमार आले. एका कारखानदाराने केली म्हणोन दुसऱ्याने दुप्पट केली, आणि दुसऱ्याचे पाहोन तिसऱ्याने, आणि थांबेना कोणी, कारण थांबेल तो बुडेल, आणि थांबले नाहीत म्हणोन अवघेच गटांगळ्या खाऊ लागले. मग वखारी भरल्या, बंदरे भरली, आणि भाव दिवेलागणीच्या मेथीच्या जुडीसारखा पडला. विलायती लोक तर पॅनेले बागेच्या कुंपणास लावो लागले, ऐसीही वार्ता आली. इकडे हिंदुस्थानच्या कारखानदारांनी हाकाटी केली की हा स्वस्त माल आमचा गळा कापील, तेव्हां सरकारांतून जकात बसली, आणि जकातीच्या आडोशाने इकडेही कारखाने भुईछत्रांप्रमाणे उगवले, आणि थोडक्याच काळात इकडेही माल उदंड आणि गिऱ्हाईक थोडे ऐसा प्रसंग प्राप्त जाहला. माल जिकडेतिकडे. राहता राहिली ती गच्ची. त्यातही मुंबईतली, त्यातही उन्हाची. तिजवर मग जगाचे डोळे लागले.

दहिसरच्या या गच्चीचा अंमल शेवंतीबाई धुरी यांजकडे होता. बाई कुटुंबवत्सल, जिव्हाशस्त्रनिपुण, विद्या दुसरीपर्यंत, परंतु त्यांजपुढे पदवीधर लोक आवाज खाली करोन बोलत. दर साली होळी उलटली की बाई बेडगी, काश्मिरी आणि लवंगी ऐसे तिन्ही दळ गच्चीवर उतरवीत, आणि मिरची हातात वाजो लागेतों उन्हात ठेवीत, आणि मग कांडपाच्या गिरणीत स्वतः उभे राहोन मालवणी मसाला करवीत. त्या मसाल्याची बरणी लेकीच्या सासरी जाई आणि भावाच्या घरी जाई, आणि बाईंचा शब्द जेथे पोचत नसे तेथे बरणी पोचे. गच्चीच्या पश्चिमेस नवा टॉवर उभा राहिल्यापासोन पश्चिमपट्टा तिसऱ्या प्रहरी सावलीत जाई. अखंड ऊन म्हणावे ते पूर्वपट्ट्यासच, आणि पूर्वपट्टा मिरचीचा, हा कायदा कोणी लिहिला नव्हता, म्हणोनच कोणी मोडीत नव्हते.

बाईंच्या थोरल्या जाऊबाई जयाबाई, मुलुंडास असत. त्यांची गच्ची मागील साली पॅनेलांनी पुरती घेतली आणि त्यांजवर पाकिटातला मसाला आणावयाची पाळी आली, तेव्हां बाईंनी तेराव्याला जावे तैसा चेहरा करोन मुलुंडास जाऊन समाचार घेतला होता आणि परत येताना रिक्षात पोट धरधरोन हसल्या होत्या. ते जयाबाई विसरल्या नव्हत्या.

आणि आता दहिसरावर संकट आले. बाईंचे चिरंजीव हर्षदराव, सोसायटीचे सेक्रेटरी, यांणी लिफ्ट आणि पंप सूर्यावर चालवावे ऐसा मनसुबा धरिला. वास लागताच दोन सरदार चालोन आले. घाटकोपराहून कृणाल, चिनी माल घेऊन. कांजूरमार्गाहून बाळा, स्वदेशी माल घेऊन. एकाने भाव उतरविला की दुसरा आणखी उतरवी, आणि सभेतील लोक चहा पीत तमाशा पाहात. शेवटी हर्षदरावांनी हुकूम काढिला की, उभयतांनी आपापली चार पॅनेले गच्चीवर मांडावी, येत्या रविवारापर्यंत ज्याचे मीटर जास्त वीज दाखवील त्याची फत्ते. मांडावी कोठे, तर पूर्वपट्ट्यात. आपल्या आईस विचारिले नाही. शिकलेला मुलगा तो, असेच करणार.

दुसरे दिवशी बाई सूप घेऊन वर गेल्या तों पूर्वपट्टा शत्रूच्या हाती. नाईलाजे मिरची पश्चिमेस पसरली, आणि तिसऱ्या प्रहरी टॉवरची सावली आली, आणि संध्याकाळी मिरची हातात घेतली तर चामड्यासारखी वाकली, वाजली नाही. ऐसीच आणखी राहती तर बुरशी धरिती आणि साल फुकट जाते. नेमका त्याच समयी मुलुंडाहून फोन आला.

“शेवंते, यंदा पाकिटाचो मसालो आण गो. लागता सवय हळूहळू.”

बाईंनी फोन ठेविला आणि कोणासही शिवी न देता सूप दाराशी ठेवोन निजल्या. घरातील माणसे भ्याली, कारण बाई बोलत तोंवरच घरात शांतता असे.

प्रातःकाळी बाई वर गेल्या आणि वैऱ्याचे गोट निरखले. पाहातात तों काय, काच लखलखीत, वर धुळीचा कण नाही, सूर्याकडे तोंड करोन किंचित कलती, आणि बोट लाविले तर चटका. बाईंच्या मनात आले की, मेल्यांनी एवढी झकास चूल मांडली आणि वर टोप ठेवायचाच राहिला! मग जुने लुगडे आणोन, चारी कोपरे पॅनेलाच्या दांड्यांस बांधोन, त्यावर बेडगी पसरली. कृणालाची पॅनेले बसकी, हातास येती, म्हणोन तीच निवडिली, मनात दुजाभाव नव्हता. विजेचे काय होईल हा विचार बाईंस शिवला नाही. वीज तारेतून येते, काचेतून नव्हे, हे कोणासही ठाऊक असावे.

झाले. कृणालाचे मीटर झोपले. बाळाने खाली फाटकापाशी डंका पिटला की चिनी माल तो चिनी माल, दोन दिवसांत डोळे मिटले. कृणाल घाबरा होऊन जिने चढत वर आला, दार उघडिले, आणि पहिली शिंक दिली, मग दुसरी, मग मोजदाद राहिली नाही.

“मावशी! हे काय हे! वाट लागली ना माझी! मीटर झोपलंय तुमच्या मिरच्यांपायी!”

“झोपलां तर उठव,” बाई म्हणाल्या. “मिरच्यो नाय उठणार.”

कृणालाने हात जोडिले, काकुळतीस आला, आणि डोळे पुसता पुसता त्यास अक्कल सुचली. हळूच म्हणाला, “मग त्या बाळाच्या पॅनेलवर टाका ना, मावशी. त्याची काच पण मस्त तापते.”

बाईंनी गुणग्राहकता दाखविली आणि दुसरे दिवशी लुगडे हलविले. तेव्हां बाळाचे मीटर आडवे जाहले, आणि तोही शिंकत वर आला, आणि छाती पुढे काढोन बोलिला, “काकी, स्वदेशी माल आहे आपला! त्यावर मिरची टाकता, देशाचं नुकसान करता!”

“मिरचीव स्वदेशीच असा मेल्या,” बाई उत्तरल्या. “बसांदेत दोघांय एका जाग्यार.”

येथपासोन युद्धाचे स्वरूप पालटले. जे सरदार सोसायटीपुढे चढाओढ करीत होते, ते बाईंपुढे करू लागले. सकाळी कृणाल मिरची उलथावयास हजर, दुपारी बाळा कावळे हाकावयास हजर. बाळाने वचन दिले की, काकी, मिरची वाळली की कांडपाच्या गिरणीत मी स्वतः वाहून नेईन. कृणालाने तोंडाला रुमाल बांधोन देठ खुडावयास बसकण मारिली, आणि उभयतां शिंकता शिंकता वखारीत पडोन राहिलेल्या मालाचे रडगाणे गात. बाई एकाचे ऐकत आणि दुसऱ्याकडे पाहोन मान डोलवीत, आणि मिरची रोज थोडी थोडी वाजो लागली.

रविवारी हर्षदराव मीटर पाहावयास सभेसह वर आले. दोन्ही मीटरे बेताल, दोन्ही सरदारांचे डोळे लाल, आणि पॅनेलांवर आईचे लुगडे.

“आई! अगं सगळी ट्रायल फुकट घालवलीस! लोक मला काय म्हणतील?”

“म्हणतीत, सेक्रेटरीच्या आवशीक जेवणाची चव कळता.”

लोक हसले, हर्षदराव कानापर्यंत तांबडे जाहले. परंतु बाई हसल्या नाहीत. सुपातली मिरची मुठीत धरोन म्हणाल्या, “तुमका लिफ्ट होयी, माका ना म्हणूचा नाय. माझे गुडघेय तिच्यातसूनच वर येतत. पण ह्या पोरांका इचार. पॅनेलां होयी तितकी येतत. जास्तीचा ऊन खयसून येतला?”

मग बाईंनी फर्मान सोडिले ते येणेप्रमाणे: पूर्वपट्टा मिरचीचा होता आणि मिरचीचाच राहील. पॅनेले पश्चिमपट्ट्यात बसावी. तेथे ऊन अर्धे, म्हणोन वीज कमी पडेल, तर जास्त पॅनेले बसवावी. तुमच्या वखारीत माल कुजतो आहे ऐसे तुम्हीच शिंकता शिंकता सांगितले, तो कोणत्या दिवसासाठी ठेविला? भाव मात्र सभेत शेवटी बोललात तोच, वर छदाम नाही. ज्यास मान्य त्याने बोलावे, नाही त्याने आपली काच उचलावी.

उभयतां सरदार बाजूस जाऊन आपापल्या धन्यांस फोन करिते जाहले. बाळाच्या कारखान्याने घासाघीस केली. कृणालाच्या भिवंडीच्या वखारीत पाय ठेवावयास जागा नव्हती, नवा माल बंदरात येऊन उभा, तेव्हां धनी म्हणाला की दे, टाकीच्या डोक्यावरही दे, पण वखार मोकळी कर. मग कृणालाने पश्चिमपट्टा भरला, टाकीचे डोके भरले, जिन्याचे छप्पर भरले, आणि लिफ्ट सूर्यावर चालली, आणि पहिल्या फेरीस हर्षदरावांनी स्वतः बटण दाबोन आईस वर नेले. बाळा हरला. परंतु हरलेल्याचे वचन बुडत नाही, म्हणोन बाईंनी त्यास फोन केला, आणि तो मिरचीची पोती खांद्यावर घेऊन कांडपाच्या गिरणीपर्यंत शिंकत गेला.

कृणालाचे काम सरले तरी एक पॅनेल उरले. तो म्हणाला, “मावशी, परत न्यायला टेम्पोचं भाडं पण सुटत नाही. ठेवा तुम्हीच.” बाईंनी ते ठेविले. त्यास तार नाही, मीटर नाही. पूर्वपट्ट्यात विटांवर कलते मांडिले आणि वर लुगडे बांधिले. कारखानदारांनी ज्यासाठी एकमेकांचे गळे धरिले, बादशाह्यांनी ज्यासाठी जकाती बसविल्या, जे सात समुद्र हिंडोन आले, त्या पॅनेलावर अखेर दहिसरात लवंगी मिरची वाळली. आणि चांगली वाळली.

मग बाईंनी पहिली बरणी मुलुंडास धाडिली. निरोप काही दिला नाही, बरणीच बोलकी होती. दुसरे दिवशी जयाबाईंचा फोन आला. बराच वेळ इकडची तिकडची विचारपूस जाहली, काचेवर मिरची वाळली ती हकीकतही निघाली, आणि शेवटी आवाज उतरला.

“शेवंते, तसली आणखी एक काच उरली असली तर धाड गो. गॅलरीत मांडीन.”

बाईंनी कृणालास सांगोन तत्काळ धाडिली. येणेप्रमाणे मुलुंड बाईंच्या अंमलात सामील जाहले, पूर्वपट्टा अखंड राहिला, घरात पाकीट शिरले नाही. फत्ते जाहली ती येथे नोंदली आहे. ज्यास शंका असेल त्याने जेवावयास यावे, आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवोन बसावे.