नाना आमच्या शेळीला उठवायचे

सखारामनानांनी मला कधीच उठवलं नाही. ते आमच्या शेळीला उठवायचे.

पहाटेच्या काळोखात ओट्यासमोर उभं राहून घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "चंद्रे, धनी तुझा अजून लोळतोय व्हय? एसटी काय त्याच्या मामाची हाय?" चंद्री बिचारी जागीच असायची. ती रवंथ करत त्यांच्याकडे बघायची आणि मी गोधडीत ओशाळायचो. उठून बसलो की नाना साळसूदपणे विचारायचे, "आरं, जागा झालास? मी शेळीशी बोलत हुतो."

झोपलेल्याला हाक मारायची नाही, हा त्यांचा दंडक. "झोपंत जीव लांब फिरायला गेल्याला आसतो," ते सांगायचे. "हाक ऐकली की घाबरून पळत येतो. ठेचकाळला म्हंजी?" कुणाच्या जिवाला ठेच लागू नये म्हणून नाना आळीभर जनावरांशी बोलत फिरायचे. गुरुजींकडे जनावर नव्हतं, तर त्यांच्या सायकलीची विचारपूस व्हायची. दुष्काळात गुरं छावणीला गेली तेव्हा नानांची पंचाईत झाली, पण ते डगमगले नाहीत. मोकळ्या दावणीलाच दोन शब्द सुनावू लागले.

नानांची हयात मोट हाकण्यात गेली होती. मोटकऱ्याला पहाटे उठावंच लागे. पुढं विहिरीवर इंजिन आलं, मग विहिरीतलं पाणीही गेलं, पण नानांचं उठणं काही सुटलं नाही.

आणि मी मुलखाचा झोपाळू! आमच्या मिरजगावात मुक्कामी असलेली एसटी पहाटे नगरला निघायची, तीच माझी गाडी. नगरच्या एका गोदामात मला हंगामी कारकुनी मिळाली होती. रान करपलेलं, त्यामुळं घरची चूल माझ्या पगारावर. एक-दोनदा गाडी चुकल्यावर साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "पुन्हा उशीर झाला तर येऊ नका." आई रडकुंडीला आली. शेजारच्या नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला एवढंच विचारलं, "वयनी, शेळी रातीची कुठं बांधता?"

एकदा माझे मामा आले आणि ओट्यावर माझ्या जागी झोपले. पहाटे नानांनी सुरुवात केली, "चंद्रे, काय घोरतोय हा रेडा! फुकटचं खाऊन सुस्तावलाय." मामा ताडकन उठून पिशवी भरायला लागले. "बहिनीच्या घरी हे ऐकायला आलो व्हय?" आई त्यांना विनवतेय आणि नाना शांतपणे म्हणताहेत, "पाव्हनं, मी तुमाला कुठं बोललो? शेळीला इचारा."

असं करता करता मला आपसूक जाग येऊ लागली. नानांचं खाकरणं ऐकू येण्याआधीच डोळे उघडायचे. तरी मी पडून राहायचो, कारण त्यांचं बोलणं ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. पुढं जन्मभर ही सवय माझ्या उपयोगी पडली. ती मला नानांनी लावली, त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

एका पहाटे नाना आलेच नाहीत. वाट बघून मी डबा घेतला आणि निघालो, पण त्यांच्या दाराशी पाय थबकले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत नाना घोंगडीत मुटकुळं करून पडलेले, अंग तापानं फणफणलेलं. तिकडं स्टँडवर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ही गाडी गेली तर नोकरीही जाणार, हे मला ठाऊक होतं. पण ज्यांच्यामुळं ती टिकली होती त्यांना तसं टाकून जाववेना.

गाडी गेली. मी चूल पेटवून चहा केला, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच म्हणालो, "नाना, उठा. चहा झालाय."

नानांनी डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग दारातला उजेड पाहिला आणि भडकले. "गाडी सोडलीस? आक्कल गहान टाकली व्हय? घरच्यांनी काय खायाचं?" चहा अर्धा टाकून त्यांनी मला हाकललं.

मिळेल त्या ट्रकनं नगर गाठलं. साहेबांनी सगळ्यांदेखत झाडलं, पण का उशीर झाला ते ऐकून शेवटची संधी दिली. संध्याकाळी तसाच नानांकडे गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते. नोकरी राहिली म्हटल्यावर त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. मग बराच वेळ घोंगडीची दशी ओढत राहिले.

"सकाळी हाक मारलीस," ते म्हणाले. "घरची गेल्यापास्नं मला कुनी उठवलंच न्हवतं."

मी निघायला उठलो तेव्हा नानांनी मान वळवली.

"दत्तू, उद्या बी मार हाक. मी जागाच आसन. पर मार."